मित्रांची फिल्म : कापड, कॅमेरा आणि हिशेबाची वही

सांगली, मिरज, कराड, सातारा या भागातील आपली तरुण मुले हल्ली मोबाईलवर दहा-पंधरा मिनिटांची फिल्म काढू लागली आहेत. घरचे वडीलधारी याला रिकामटेकड्यांचा उद्योग समजतात. मीही तसेच समजत होतो. परंतु धंद्याच्या नजरेने पाहिले तर यात भांडवल आहे, भागीदारी आहे, माल आहे आणि नुकसानही आहे. म्हणून व्यापारी बंधूंसमोर हा विषय मांडत आहे.

आधी मालेगावचे उदाहरण घेऊ. ग्रे कापडामुळे आम्हा कापडवाल्यांना ते गाव ठाऊक आहे. तेथे माग शुक्रवारी बंद असतात आणि मागावरचा कारागीर त्या दिवशी सिनेमा पाहायला निघतो. नासिर शेख हे तेथे व्हिडिओ पार्लर चालवीत. गिऱ्हाईक कशाला हसते, कुठे उठून जाते, हे त्यांना रोज समोर दिसत होते. दोस्तांना जमवून त्यांनी ‘मालेगाव के शोले’ काढला, तो २००० साली लागला. खर्च सुमारे ५०,००० रुपये. मूळ चित्रपटातले डाकू घोड्यावर येतात, यांचे सायकलवर आले. गावातल्या व्हिडिओ पार्लरमध्ये तो लागला आणि चांगला चालला. मुंबईच्या बाजारासाठी हा माल काढलाच नव्हता. आपल्या गल्लीच्या गिऱ्हाइकासाठी, त्याच्या बोलीत आणि त्याच्या सुट्टीच्या दिवसासाठी काढला होता. आपल्याकडची मुले नेमके इथेच चुकतात. गोष्ट विट्याच्या मागवाल्याची, पण संवाद मात्र मुंबईच्या पिस्तूलवाल्यांचे!

पुढे याच मंडळींनी ‘सुपरमॅन’ करायला घेतला. नायक शफीक शेख, अंगाने किडकिडीत, मागावर काम करणारा. हे सारे फैझा अहमद खान यांनी २००८ च्या आपल्या माहितीपटात टिपले आहे. जमल्यास मुलांनी तो जरूर पाहावा. कॅमेरा उंच न्यायचा तर क्रेनऐवजी बैलगाडी, कॅमेरा सरकवायचा तर सायकल. एकदा कॅमेरा पाण्यात पडला आणि काम अडले, हेही त्यात आहे. शफीक २०११ साली कॅन्सरने गेले. २०२५ साली रीमा कागती यांनी या मंडळींवर मोठा हिंदी चित्रपट काढला, तो पाहायला ते नव्हते.

आता कामाची गोष्ट. कॅमेऱ्याचे मला फार कळत नाही, कापडाचे कळते, आणि फिल्ममध्ये कापडाचे काम पुष्कळ असते. सुपरमॅन उडताना दाखवायचा तर त्याच्या मागे हिरवा पडदा लावतात आणि नंतर कम्प्युटरवर तो हिरवा रंग काढून त्या जागी आभाळ घालतात. मुले दुकानात येऊन हिरवे साटिन मागतात. ते देऊ नये. चमक मारणाऱ्या कापडावर उजेडाचे पांढरे डाग पडतात आणि कम्प्युटरला तो रंग एकसारखा दिसत नाही. बिनचमकीचे जाड सुती कापड घ्यावे, इस्त्री करून ताणून बांधावे. सुरकुतीची सावलीसुद्धा नडते. माणूस पडद्यापासून चार-पाच हात पुढे उभा करावा आणि त्याच्या अंगावर हिरवे काही नसावे. बारीक रेघांचा किंवा बारीक चौकडीचा शर्टही टाळावा, पडद्यावर त्यात लाटा हलल्यासारख्या दिसतात.

आवाजाकडे तर कोणी लक्षच देत नाही. चित्र थोडे अंधुक असले तरी लोक बसतात, बोलणे ऐकू आले नाही तर उठून जातात. दुसरा मोबाईल बोलणाऱ्याच्या खिशात ठेवून त्यावर आवाज घेता येतो, पण अंगात सुती कपडा हवा. टेरिकॉट आणि नायलॉनची खसखस आवाजात उतरते. रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, तेव्हा भिंतीला रजया किंवा माणदेशी घोंगडी टांगावीत. एवढा चांगला इलाज शहरातल्या दुकानातही मिळत नाही. माग चालू असताना संवाद घेऊच नयेत. माग बंद करून बोलणे घ्यावे, खटखट वेगळी भरून नंतर जोडावी. मात्र माग बंद म्हणजे कारागिराची तेवढ्या वेळची मजुरी बंद, ती भरून देणे आले.

गाण्यांबाबत थोडक्यात. सिनेमातले गाणे उचलून घालू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने त्याला मालक आहे. यूट्यूबवर त्याने हक्क सांगितला तर फिल्म उतरते किंवा तिची कमाई त्याच्याकडे जाते.

राहिला हिशेब. माझा भाचा व त्याचे चार दोस्त, तीन सांगलीचे, दोन कराडचे, यांनी एका शिंप्याची गोष्ट घेतली. गोष्ट खरोखर चांगली होती. प्रत्येकाने दोन हजार काढले, कापड मी दिले. कॅमेरा कराडच्या एका मुलाने ओळखीवर मागून आणला. कृष्णा-कोयनेच्या संगमावर वाऱ्याने स्टँड पडला, लेन्स फुटली. दुरुस्तीला साडेचार हजार. ज्याने कॅमेरा आणला तो म्हणतो, पाचांनी भरा. ज्याच्या हातात स्टँड होता तो म्हणतो, मी वर्गणी दिली आहे, आणखी का देऊ? कागद कुठेच नव्हता. दुकानात मी रुमालसुद्धा चिठ्ठीशिवाय उधार देत नाही, आणि या मुलांना एक ओळ लिहून घ्या म्हणालो नाही. चूक माझीही आहे.

पहिल्या दिवसाआधी एका पानावर एवढे लिहावे : कोणी किती घातले, वस्तू मोडली तर कोण भरणार, मध्येच सोडून गेल्यास पैसे परत की नाही, फिल्म कोणाच्या नावावर चढणार, बक्षीस किंवा कमाई आली तर वाटणी कशी. खाली सर्वांच्या सह्या. खर्चाची वही एकाकडे आणि पैसे दुसऱ्याकडे असावेत.

साडेचार हजार शेवटी मीच भरले. फिल्मचे अर्धे काम भाच्याच्या कम्प्युटरवर पडून आहे, शिंप्याच्या दुकानातला शेवटचा प्रसंग घ्यायचा बाकी आहे. गेल्या महिन्यात ती दोन्ही मुले वेगवेगळ्या दिवशी दुकानात आली. कापड काहीच घेतले नाही. दोघांनीही निघताना एकच विचारले, “मामू, तो काही म्हणाला का?”