ओसाड गावी पाणी पुन्हा कसे यावे?

अवकाशात मनुष्याने राहावयाची कृत्रिम नगरे बांधावी, अशी कल्पना १९७४ मध्ये जेरार्ड ओ'नील या अमेरिकन पदार्थविज्ञानवेत्त्याने मांडली. अशा नगरात हवा व पाणी माणसानेच खेळते ठेविले पाहिजे. समजा, तेथील व्यवस्था मोडली, जाणते लोक गेले, यंत्रे थांबली. तर उरलेल्यांनी प्रथम काय उभारावे? यंत्र, असे विद्यार्थी म्हणतील. आम्हांसही प्रथम तसेच वाटले होते.

परंतु आपल्या खानदेशाकडे पाहावे. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजेने हा प्रांत लुटला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला आणि कित्येक गावे ओस पडली. १८१८ मध्ये येथे इंग्रजांचा अंमल आला व कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळे हे मुख्य ठाणे केले, तेव्हा प्रांत उजाड होता. जुने बंधारे फुटले, पाट गाळाने भरले. पुढे काहींची दुरुस्ती झाली. दगड व चुना येथलाच. गवंडी मिळाला की भिंत उभी राहते. मात्र पाळी कोणाची, हे दगडावर कोरलेले नसते!

ते शिकावयाचे फडपद्धतीपासून. पांझरा, मोसम व आरम या नद्यांवर ती चालत आली आहे. बंधाऱ्याने पाणी अडवून ते उताराने पाटात घेतात. मोट नको, पंप नको. भिजणारी जमीन तीन-चार फडांत विभागलेली असते आणि एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. एकात ऊस असला तर दुसऱ्यात बाजरी किंवा गहू. पुढच्या वर्षी पालट. पीक एकच असल्याने पाणीही एकाच वेळी लागते, म्हणून पाट एका फडावर सोडून मग दुसऱ्याकडे वळविता येतो. पण ज्याची जमीन केवळ बाजरीच्या फडात, त्याचे काय? बहुधा प्रत्येकाचा तुकडा निरनिराळ्या फडांत असतो. त्यामुळे उसाचा लाभ आणि टंचाईचा तोटा दोन्ही सर्वांच्या वाट्यास येतात. ही युक्ती आम्हांस बंधाऱ्याहूनही मोठी वाटते.

पाणी देणारा पाटकरी आणि पिके राखणारा जागल्या यांस शेतकरीच नेमतात. मालकाने स्वतः दारे धरावयाचे नाही, म्हणजे आपल्या वाफ्याकडे चोरून पाणी वळविण्याचा मोहच राहत नाही. पाटाचा गाळ काढण्यास भागीदारांनीच खपावे लागते.

अलीकडे नद्यांच्या वरच्या अंगास धरणे झाली, विहिरींवर पंप बसले; ज्याला स्वतःचे पाणी मिळाले तो फडाची शिस्त कशास पाळील? काही फड मोडले. ज्यांच्या घरी कोणी पाटकरी होऊन गेला असेल, त्यांनी पाळी कशी धरीत हे आजोबांस विचारून वहीत उतरून घ्यावे.