मज्जारज्जूची इजा आणि आपलें कर्तव्य

विद्यार्थिमित्रहो, शरीरशास्त्राच्या पुस्तकांत तुम्हीं पाठीच्या कण्याचें चित्र पाहिलेंच असेल. त्या मणक्यांच्या माळेंतून करंगळीएवढ्या जाडीची एक दोरी कमरेपर्यंत उतरते, तीच मज्जारज्जु. मेंदूची आज्ञा हातापायांस व हातापायांची वार्ता मेंदूस तीच पोंचविते. झाडावरून पडून, वाहनाच्या अपघातांत किंवा उथळ पाण्यांत सूर मारल्यानें मणका मोडला व तिला जबर इजा झाली, तर त्याखालील अवयवांची हालचाल, संवेदना व मलमूत्रावरील ताबा नाहींसा होतो. मोडलें हाड सांधतें. परंतु तुटलेली मज्जारज्जु पूर्ववत् करण्याची विद्या मनुष्यास अद्यापि साधलेली नाहीं.

मग अशा मनुष्याचें आयुष्य संपलें काय? पूर्वीं तसेंच समजत. पहिल्या महायुद्धांत अशी इजा झालेले बहुतेक सैनिक वांचले नाहींत. अंथरुणास खिळल्यानें पडणारीं क्षतें व मूत्रमार्गाचा दाह यांनींच त्यांतील पुष्कळांचा अंत केला. पुढें १९४४ सालीं इंग्लंडांत स्टोक मँडेव्हिल येथें डॉ. लुडविग गुटमन यांनीं निराळा मार्ग धरिला. रोग्यास दर दोन तासांनीं कूस पालटून देणें, मूत्राशयाची निगा राखणें, बाहूंचें बळ वाढविणें, चाकांची खुर्ची वापरण्यास शिकविणें व शेवटीं त्याच्या हातास उद्योग देणें, हा तो मार्ग होय. यासच पुनर्वसन म्हणतात.

याचीं फळें आपल्या देशांतही दिसलीं आहेत. सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर हे सैनिक १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून अधू झाले. त्यांनींच १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें अपंगांच्या जागतिक सामन्यांत पन्नास मीटर पोहण्याचें सुवर्णपदक मिळविलें. वेल्लोरच्या डॉ. मेरी व्हर्गीज १९५४ सालीं मोटार-अपघातांत कमरेखालीं लुळ्या झाल्या. खुर्चींत बसून त्यांनीं कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनाचें शास्त्र अभ्यासिलें, व परत येऊन वेल्लोरच्या इस्पितळांत त्या विभागाची धुरा वाहिली. या दोघांचें धैर्य थोर, यांत शंका नाहीं. परंतु एकाच्या पाठीशीं सैन्य होतें व दुसरीच्या पाठीशीं इस्पितळ होतें, हें विसरून चालणार नाहीं.

ज्याच्या पाठीशीं कोणीच नाहीं, त्याचें काय होतें? आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील आंबे उतरवितांना झाडावरून पडले. शेजाऱ्यांनीं हातापायांस धरून त्यांस उचललें व टेंपोंत घातलें. एका इस्पितळांत मणक्यावर शस्त्रक्रिया झाली आणि पंधराव्या दिवशीं त्यांस घरीं धाडलें. कूस केव्हां पालटावी, लघवीची नळी कशी स्वच्छ राखावी, हें घरच्यांस कोणीं शिकविलें नाहीं. पुनर्वसनाचें केंद्र दूर शहरांत. तेथें दोन-तीन महिने राहावयाचें, तर सोबतीस जाणाऱ्या पत्नीची मजुरी बुडते. जाणें राहूनच गेलें. पावसाळ्यांत क्षतें हाडापर्यंत पोंचलीं व दिवाळीपूर्वीं ते वारले. शंभर वर्षांपूर्वींच्या सैनिकाचें मरण त्यांस आमच्या डोळ्यांदेखत आलें. मुलानें दहावींतच शाळा सोडली.

शास्त्र उणें पडलें म्हणून हें घडलें नाहीं. तें त्या घरापर्यंत पोंचलें नाहीं म्हणून घडलें. २०१६ च्या दिव्यांग-हक्क कायद्यानें सरकार व स्थानिक संस्था यांवर पुनर्वसनाचें कर्तव्य घातलें आहे. मात्र 'आपल्या आर्थिक ऐपतीच्या मर्यादेंत' अशी पुस्तीही त्यास जोडिली आहे. ही मर्यादा विस्तारावी म्हणून मागणी करणें हें पालकहो, आपणां सर्वांचें काम आहे.

विद्यार्थ्यांनींही कांहीं गोष्टी आजच शिकाव्या. पडलेल्यास ओढूं नये वा बसवूं नये. मान व पाठ सरळ राहील असें निजूं द्यावें आणि १०८ या क्रमांकास कळवावें. घरीं आणलेल्या रोग्याची कूस रात्रींही वेळेवर पालटावी व त्याची कातडी रोज पाहावी. इस्पितळ सोडण्यापूर्वीं, "पुढें काय करावयाचें?" हें वैद्यांस निःसंकोच विचारावें. हा प्रश्न त्या दिवशीं आम्हीं विचारला नाहीं, याची खंत आम्हांस आजही आहे. तुम्हीं तो विचारावा, म्हणून हा लेखप्रपंच.