किरायाचा कागद: काय करावे, काय टाळावे

नरखेडात, मोवाडात किंवा जलालखेड्यात खोली किरायाने द्यायची म्हटली की किरायदार बहुधा कुणाच्या तरी ओळखीचाच निघतो. बँकेतले साहेब, शाळेतले गुरुजी, रेल्वेतला कर्मचारी, संत्र्याचा व्यापारी. मग घरमालकच म्हणतो, "आपल्यात कागद कशाला?"

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चे कलम 55 याचे उत्तर देते. करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत किरायदार जे सांगेल ते खरे धरले जाते. ते खोटे ठरवायचे काम मालकाच्या गळ्यात पडते. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे कागद मालकाच्याच गरजेचा.

हा कायदा त्याच्या परिशिष्टांत दिलेल्या भागांना लागू होतो. आपले गाव त्यात येते का, हे दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. येत नसले तरी नोंदणी कराच. नोंदवलेल्या कागदाने नुकसान झालेला मालक सापडणार नाही.

काय करावे

1. करार कोणता, ते आधी ठरवा. भाडेपट्ट्याने जागेत हक्क तयार होतो. लिव्ह अँड लायसन्सने फक्त ठराविक काळ वापरायची परवानगी मिळते. राहायला जागा देताना दुसरा प्रकार सोयीचा. मुदत संपूनही जागा सुटली नाही, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. दुकान-गोदामाला ही वाट नाही, म्हणून तिथला कागद अधिक जपून करा.

2. सही खऱ्या मालकाची घ्या. घर वडिलांच्या नावावर आणि सही मुलाची, हा घोळ घरोघरी आहे. वडील हयात असतील तर त्यांची सही किंवा मुलाकडे मुखत्यारपत्र हवे. वडील हयात नसतील तर सगळ्या वारसांची संमती घ्या. गावात ग्रामपंचायतीचा नमुना 8 आणि शहरात नगर परिषदेची कर पावती जोडा. तलाठ्याकडचा 8-अ शेतजमिनीचा. तो इथे चालत नाही.

3. जागा शब्दांत मोजून द्या. "घराचा पुढचा भाग" एवढे लिहून भागत नाही. खोल्या किती, संडास-न्हाणी सामाईक की स्वतंत्र, अंगण कुणाचे, गच्चीवर कपडे वाळवायचे की नाही, विहिरीवर मोटर कोण लावणार, हे सगळे आणि चतुःसीमा लिहा.

4. मुदत तारखेने लिहा. संत्र्याच्या गोदामासाठी "सीझन संपेपर्यंत" असे लिहिण्याची सवय आहे. सीझन कोणता? आंबिया बहाराचा माल ऑक्टोबरपासून निघतो, मृगाचा फेब्रुवारी-मार्चकडे. व्यापाऱ्याने दोन्ही बहार धरले तर गोदाम उन्हाळ्यापर्यंत अडकते. सुरुवातीची आणि शेवटची तारीख अंकात आणि अक्षरात लिहा.

5. पैशाचा प्रत्येक कोपरा भरा. किराया किती, कोणत्या तारखेला, वाढ केव्हा आणि किती, अनामत किती, तिच्यातून काय कापणार आणि ती किती दिवसांत परत देणार. दोन्ही बाजूंनी नोटीस किती दिवसांची, तेही इथेच.

6. मीटरचा आकडा लिहा. चावी देण्याच्या दिवशीचे महावितरणच्या मीटरचे वाचन, पंखे, दिवे, नळ, खिडक्यांच्या काचा यांची यादी शेवटच्या पानावर घ्या आणि खाली दोघांच्या सह्या. फोटो काढून ठेवा. गोदामात संत्रा धुण्याचे किंवा मेणाचे यंत्र बसणार असेल तर वीजभार कोण वाढवून घेणार आणि सडका माल कोण उचलणार, हेही लिहा. सडक्या मालाचा वास पुढे शेजाऱ्यांच्या तक्रारीतून मालकाच्याच दारात येतो.

7. मुद्रांकाचा हिशेब स्वतः करा. लिव्ह अँड लायसन्सवर 0.25 टक्के शुल्क असते. ते मुदतभराचा एकूण किराया आणि परत करायच्या अनामतीवर वर्षाला 10 टक्के धरलेले व्याज, यांच्या बेरजेवर लागते. दुकान महिना 6,000 ने तीन वर्षांसाठी दिले, अनामत 50,000 घेतली. किराया 2,16,000 आणि व्याज 15,000, मिळून 2,31,000. शुल्क सहाशेच्या घरात. नोंदणी फी वेगळी. ऑनलाइन ई-नोंदणीही होते, त्यामुळे पुण्या-मुंबईत राहणाऱ्या मालकाला कागदासाठी गावी यावे लागत नाही.

8. पोलिसांना किरायदाराची माहिती द्या. ओळखपत्राची प्रत, मूळ गावचा पत्ता, फोटो आणि मोबाइल नंबर ज्या ठाण्याच्या हद्दीत जागा आहे तिथे द्या. पोच जपून ठेवा.

9. नोंदवलेली प्रत काढून ठेवा. 30 जुलै 1991 ला वर्धा नदीच्या पुरात मोवाडची माणसे गेली, घरे गेली. घराबरोबर कागदांची पेटीही जाते. नोंदवलेल्या दस्ताची नक्कल मात्र सरकारी दप्तरातून पुन्हा काढता येते.

काय टाळावे

1. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही" हे म्हणणे. ही समजूत जुन्या नियमाची: एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यालाच नोंदणी सक्तीची होती. कलम 55 महिने मोजत नाही.

2. नोटरीवर थांबणे. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

3. कागदावर किराया कमी दाखवणे. मुद्रांकाचे शे-दोनशे वाचतात. पण किरायदार अडून बसला की दुप्पट भरपाईचा हिशेब कागदावरच्या आकड्यावरून होतो. घेतले पाच हजार, लिहिले दोन हजार, तर मागणार चार हजार!

4. शहरातला तयार नमुना उतरवणे. लिफ्ट, पार्किंग, सोसायटीची ना-हरकत यांची कलमे कवेलूच्या घराच्या करारात राहतात आणि विहीर, गोठा, अंगण राहून जाते.

5. मुदत संपूनही तसाच किराया घेत राहणे. महिनाभर आधी नवा करार करा किंवा जागा सोडण्याची लेखी सूचना द्या.

6. पावती न देणे. रोख घेतलात तर पावती द्या. बँकेतून किंवा यूपीआयने घेतले तर दोघांकडेही पुरावा राहतो.

7. वीज-पाणी तोडणे, कुलूप ठोकणे. किराया थकला म्हणून वीज-पाणी तोडले तर कलम 29 खाली मालकच गुन्ह्यात अडकतो. थकबाकीसाठी नोटीस आणि न्यायालय हीच वाट.

8. घराच्या कागदावर शेत देणे. शेत ठेक्याने देताना विदर्भासाठीचा 1958 चा कूळवहिवाट कायदा आडवा येतो. संत्र्याचा बगीचा आणि त्यातली खोली एकाच करारात गुंफू नका. आधी वकिलाला विचारा.

9. कोऱ्या कागदावर सही करणे, घेणे. दोघांनीही.

किरायदार भला असेल तर कागदाला नाही म्हणणार नाही. नाही म्हणाला, तर तेवढे उत्तर पुरेसे समजा. आधी नोंदणी, मग चावी.