कागदाविना सभा : दप्तर कोणाच्या हाती?

कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या नद्यांच्या पाण्यावर पोसलेला शिरोळ तालुका कोल्हापूर जिल्ह्यातील उसाचे आगर म्हणून ओळखला जातो. ज्या पाण्याने ही समृद्धी आणली, तेच पाणी पावसाळ्यात गावांची कसोटी पाहते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांत नृसिंहवाडी, कुरुंदवाड आणि कृष्णाकाठची अनेक गावे पाण्याने वेढली गेली. पूर ओसरल्यानंतर भिंत पुन्हा बांधता येते, रानही पुन्हा उभे करता येते. भिजून चिकटलेली नोंदवही मात्र पुन्हा उलगडत नाही. पडझड झालेल्या घराची नोंद कर आकारणीच्या वहीत, म्हणजे नमुना ८ मध्ये, पाहण्याची गरज तर नेमकी त्याच दिवसांत पडते.

स्थानिक स्वराज्य संस्थांनी कागदाविना सभा का भरवावी, या प्रश्नाचे एक उत्तर या अनुभवात आहे. परंतु ते पुरेसे नाही. कागदाची बचत आणि दप्तराची सुरक्षितता हे लाभ खरेच. त्याहून महत्त्वाचा प्रश्न दप्तर कोणाला पाहावयास मिळते हा आहे.

दप्तर आणि सत्ता

हा प्रश्न या भागाला नवा नाही. कोल्हापूर संस्थानात पिढ्यान्‌पिढ्या गावचे दप्तर वतनदार कुलकर्ण्यांच्या हाती असे. जमिनीची, साऱ्याची व येण्याची नोंद ज्याच्या घरी, त्याच्या दारी गावाला जावे लागे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतन रद्द करून पगारी तलाठी नेमले. त्याच्या आदल्या वर्षी, १९१७ मध्ये, त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला होता. दप्तर एका घराण्याच्या हातून सोडवावयाचे आणि ते वाचण्याची शक्ती सर्वांना द्यावयाची, अशी ही दोन्ही पावले परस्परपूरक होती. कागदाकडून संगणकाकडे जाताना हाच धडा ध्यानी ठेवावा लागतो.

सभेपूर्वीची सभा

ग्रामपंचायतीची मासिक सभा असो वा नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा, तिचा क्रम ठरलेला असतो. नोटीस निघते, तिच्यासोबत विषयपत्रिका जाते. सभेत मागील इतिवृत्त कायम होते, जमाखर्च मांडला जातो, मग एकेक विषय येऊन सूचक व अनुमोदक यांच्या नावांसह ठराव लिहिला जातो. नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेसाठी १९६५ च्या अधिनियमाने सात पूर्ण दिवसांची नोटीस सांगितली आहे. सदस्याने विषयाचा अभ्यास करून यावे, हाच या मुदतीचा हेतू होय.

प्रत्यक्षात विषयपत्रिकेतील एका ओळीवरून अभ्यास होत नाही. 'गटाराच्या कामास मंजुरी देणे' एवढ्या शब्दांमागे अंदाजपत्रक, जागेचा नकाशा, पूर्वीचा ठराव आणि शिल्लक निधीचा तपशील असतो. हे कागद कार्यालयातील एकाच फाईलमध्ये राहिले, तर ती फाईल ज्यांनी पाहिली ते बोलतात आणि इतर हात वर करतात. तेच कागद मोबाईलवर किंवा टॅबवर नोटिशीबरोबर प्रत्येक सदस्याकडे पोहोचले, तर चित्र पालटू शकते. २०११ पासून राज्यातील स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. दिवसभराचे शेतातील व घरातील काम उरकून सायंकाळी अंदाजपत्रक वाचणारी, त्यातील आकड्यांवर खूण करून सभेला येणारी सदस्या ही कागदाविना सभेची खरी फलश्रुती मानावी लागेल.

आजवरची वाटचाल

युरोपातील एस्टोनिया या छोट्या देशाने २००० मध्येच मंत्रिमंडळाच्या बैठकी संगणकावर आणल्या. भारतात हिमाचल प्रदेशच्या विधानसभेने २०१४ मध्ये कागदविरहित कामकाजाचा आरंभ केला. केरळमध्ये स्थानिक संस्थांच्या सभांची विषयपत्रिका, निर्णय व इतिवृत्त यांसाठी 'सकर्मा' ही संगणक प्रणाली वापरली गेली. महाराष्ट्रात 'संग्राम' प्रकल्पाने २०११ पासून ग्रामपंचायतींत संगणक व चालक आणले आणि २०१६ मध्ये त्या जागी आपले सरकार सेवा केंद्रे आली. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज संकेतस्थळामुळे गावचा विकास आराखडा व खर्च पाहणे नागरिकालाही शक्य झाले. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने १४ ऑगस्ट २०२५ रोजी 'सभासार' हे साधन सुरू केले. ते ग्रामसभेच्या ध्वनिमुद्रणावरून इतिवृत्ताचा मसुदा तयार करते.

कायद्याची बाजू

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४ नुसार, जी बाब लेखी असावी असे कायदा सांगतो, ती पुढेही पाहता येईल अशा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असल्यास चालते. कलम ५ ने इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीस मान्यता दिली आहे. मात्र कलम ९ नुसार, शासकीय कार्यालयाने दस्तऐवज इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच स्वीकारावा, असा आग्रह धरण्याचा हक्क कलम ६, ७ व ८ मधून कोणासही मिळत नाही. म्हणून आपल्या संस्थेस लागू असलेले सभाविषयक नियम आधी पाहावेत. मोबाईलच्या समूहावर संदेश टाकला म्हणजे नोटीस बजावली, असे गृहीत धरू नये. नियमाप्रमाणे बजावणी करावी आणि संदेश तिच्या जोडीला असावा. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने अभिलेख सूचीबद्ध करून वाजवी मुदतीत संगणकावर आणण्याचे कर्तव्य सांगितलेलेच आहे.

घ्यावयाची दक्षता

१. साधन व शिक्षण प्रत्येक सदस्यास सारखे मिळावे. ज्यास यंत्र हाताळण्याची सवय नाही, त्यास ती होईपर्यंत छापील प्रत द्यावी. यात कमीपणा मानू नये.

२. टिप्पणी, अंदाजपत्रक व जमाखर्च नोटिशीबरोबरच पाठवावेत. सभेच्या आदल्या रात्री आलेला शंभर पानांचा मजकूर न आल्यासारखाच होय.

३. ठराव त्याच सभेत पडद्यावर दाखवून मोठ्याने वाचावा. यंत्राने तयार केलेला मसुदा हा केवळ मसुदा असतो. गावची बोली त्यास नीट कळेलच असे नाही. तो तपासून सदस्यांनी कायम केल्यावरच ते इतिवृत्त ठरते. कायम झाल्यावर त्यात कोणासही गुपचूप बदल करता येऊ नये.

४. अभिलेखाची एक प्रत पूररेषेबाहेर असलीच पाहिजे. पंचायतीच्या खोलीतील एकाच संगणकात ठेवलेले दप्तर कागदाइतकेच पाण्याच्या स्वाधीन असते. वीज व जोडणी बंद पडली तरी सभा चालावी, यासाठी कागदपत्रे आधीच उतरवून ठेवावीत.

५. पासवर्ड ही आजच्या दप्तराची किल्ली आहे. ती केवळ संगणक चालकाच्या हाती सोपवून सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांनी निश्चिंत होऊ नये.

६. ग्रामसभेची सूचना फलकावर लावावी आणि दवंडीही द्यावी. ज्या ग्रामस्थाकडे मोबाईल नाही, तोही ग्रामसभेचा तितकाच घटक आहे.

समारोप

शिरोळ, जयसिंगपूर व कुरुंदवाड या नगरपरिषदा आणि तालुक्यातील ग्रामपंचायती यांच्यापुढे हे काम क्रमाक्रमाने करण्याचा मार्ग मोकळा आहे. आरंभ मागील इतिवृत्त व जमाखर्च या दोन कागदांपासून करता येईल. शिक्षकांनी गावातील सदस्यांना सुटीच्या दिवशी तासभर मार्गदर्शन केले, तरी मोठे साहाय्य होईल. कुलकर्ण्यांच्या घरातून तलाठ्याच्या चावडीत आलेले दप्तर आता प्रत्येक सदस्याच्या हातात येऊ शकते. ते चालकाच्या संगणकात अडकून पडले, तर शंभर वर्षांपूर्वीची वतनदारीच नव्या रूपाने परत येईल. ती येऊ न देण्याची जबाबदारी, विषयपत्रिका उघडून वाचणाऱ्या प्रत्येक सदस्याची आहे.