बांधकामस्थळावरील स्वच्छतागृहे : बेंगळुरूच्या निमित्ताने

महानगरांची वाढ मोजताना आपण नव्या इमारती, पूल आणि मेट्रोमार्ग यांची मोजदाद करतो. ही उभारणी जेथे चालते ती जागा दोन-तीन वर्षे शेकडो माणसांचे कामाचे ठिकाण आणि पुष्कळदा निवासस्थानही असते, याची नोंद मात्र विकासाच्या हिशेबात क्वचितच होते. बेंगळुरू हे याचे ठळक उदाहरण होय. २००१ च्या जनगणनेत बेंगळुरू नागरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ६५ लाख होती. २०११ मध्ये ती ९६ लाखांवर गेली. या वाढीसाठी लागलेली घरे व कार्यालये बांधणारे कामगार रायचूर, यादगीर, कलबुर्गी या जिल्ह्यांतून, शेजारच्या तेलंगणातून, तसेच बिहार, झारखंड, ओडिशा व पश्चिम बंगालमधून आले आणि येत आहेत. या कामगारांना कामाच्या जागी शौचालय मिळते का, ते किती अंतरावर असते आणि त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, या तीन प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

दोन स्वतंत्र चौकटी

इमारतीत किती शौचकूप, मूत्रालये व हात धुण्याची पात्रे असावीत, याची प्रमाणे राष्ट्रीय इमारत संहितेत दिलेली आहेत. ही संहिता प्रथम १९७० मध्ये प्रसिद्ध झाली आणि २००५ व २०१६ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. तिचा नववा भाग नळकाम, पाणीपुरवठा व मलनिःसारण यांविषयी आहे. ही प्रमाणे इमारतीच्या अंतिम वापरावर आधारलेली आहेत : कार्यालय असेल तर कर्मचारी, शाळा असेल तर विद्यार्थी. इमारत पूर्ण झाल्यावर तेथे बसणाऱ्यांचा विचार नळकामाच्या तक्त्यांत होतो. ती बांधणाऱ्यांचा विचार कामगार कायद्यावर सोपवला जातो. परिणामी वास्तुविशारदाच्या नकाशात या गरजेला जागा मिळत नाही आणि कामगार अधिकाऱ्याच्या हाती नकाशा नसतो.

कायद्यात उणीव आहे असे म्हणता येत नाही. इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा, १९९६ च्या कलम ३३ ने प्रत्येक बांधकामस्थळी पुरेशी शौचालये व मूत्रालये पुरवण्याची आणि ती कामगारांना सदैव सोयीची असतील अशा ठिकाणी ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. कलम ३४ ने तात्पुरत्या निवासाबरोबर स्वयंपाक, स्नान व शौचाची स्वतंत्र सोय विनामूल्य देणे आवश्यक ठरवले. कर्नाटकाने आपले नियम २००६ मध्ये केले व कल्याण मंडळ २००७ मध्ये स्थापन झाले. पुढे हा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० मध्ये विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. पुरुष, स्त्रिया व तृतीयपंथी कामगार यांच्यासाठी स्वतंत्र व स्वच्छ सोय असावी, असे तिच्यात म्हटले आहे. याखेरीज २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांना पूर्वमंजुरी देताना मजुरांसाठी फिरती शौचालये, पिण्याचे पाणी व पाळणाघर यांची अट घालण्याचा प्रघात पडला.

प्रमाणाचे गणित

‘पुरेशी’ म्हणजे किती? कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७१ च्या केंद्रीय नियमांनी याचे उत्तर दिले होते. स्त्रिया व पुरुष यांची गणना वेगवेगळी करून दर २५ जणांमागे किमान एक शौचकूप; संख्या १०० च्या पुढे गेल्यास पहिल्या शंभरापर्यंत हेच प्रमाण व त्यानंतर दर ५० मागे एक. कसोटी म्हणून ते आजही उपयोगी आहे.

समजा, एका स्थळावर १२० पुरुष व ३० स्त्रिया काम करतात. पुरुषांसाठी पहिल्या शंभरामागे चार व उरलेल्या वीसांसाठी एक, असे पाच, स्त्रियांसाठी दोन, एकूण सात शौचकूप लागतील. अमेरिकेतील बांधकामविषयक संघराज्य नियमानुसार २० ते २०० कामगारांच्या स्थळावर दर ४० जणांमागे एक शौचकूप व एक मूत्रालय लागते. म्हणजे याच दीडशे जणांसाठी चार शौचकूप व चार मूत्रालये. शौचकूपांच्या बाबतीत आपले कागदावरील प्रमाण अधिक उदार आहे. तेव्हा प्रमाण वाढवल्याने प्रश्न सुटेल असे मानणे चुकीचे ठरेल.

खरी अडचण अंतराची आहे. बांधकामस्थळ उभे वाढते. तळमजल्यावर सात शौचकूप असले आणि सेंट्रिंगचे काम बाराव्या मजल्यावर चालू असले, तर ‘सोयीचे ठिकाण’ हा शब्दप्रयोग निरर्थक होतो. जाण्यायेण्यात व रांगेत दर खेपेस १५ मिनिटे अधिक जातात आणि दिवसातून अशा दोन खेपा होतात असे गृहीत धरले, तर १५० कामगारांचे रोज ७५ तास वाया जातात. आठ तासांच्या हिशेबाने ही नऊहून अधिक कामगारांची पूर्ण दिवसाची मजुरी होय. प्रत्यक्षात मालकाचा एवढा तोटा होत नाही, कारण कामगार जातच नाहीत. पुरुष आडोसा शोधतात. स्त्रिया पाणी कमी पितात, अंधाराची वाट पाहतात आणि मूत्रमार्गाचे विकार सोसतात. मालकाने वाचवलेला खर्च अशा रीतीने कामगाराच्या शरीराच्या खाती जमा होतो.

खर्च कोणाचा?

मुख्य मालक, कंत्राटदार, पोटकंत्राटदार आणि टोळी आणणारा मेस्त्री अशी ही साखळी असते. निविदा सर्वांत कमी दराला मिळते. स्वच्छतागृहांचा खर्च निविदेत स्वतंत्र बाब म्हणून दाखवलेला नसला, तर तो करणारा कंत्राटदार स्पर्धेत मागे पडतो आणि टाळणारा पुढे जातो. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कंत्राट शर्तींत मजुरांच्या आरोग्याविषयी आदर्श नियम समाविष्ट आहेत. परंतु शर्त आणि देयक यांत फरक आहे. ज्या कामाचे मोजमाप होते व पैसे मिळतात, तेच काम वेळेवर होते.

१९९६ च्याच उपकर कायद्यानुसार बांधकाम खर्चाच्या एक टक्का रक्कम कल्याण निधीसाठी घेतली जाऊ लागली. हा निधी कामगारांच्या कल्याणासाठी आहे. स्थळावरील सोयींच्या जबाबदारीतून मालकाची सुटका त्याने होत नाही. निधीचा मोठा भाग वापराविना पडून राहिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१८ च्या निकालात तीव्र नाराजी व्यक्त केली होती.

पाणी आणि मैला

बेंगळुरूला कावेरीचे पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून उपसून आणावे लागते. मार्च २०२४ च्या टंचाईत शहराच्या पाणीपुरवठा मंडळाने बांधकामासाठी पिण्याच्या पाण्याचा वापर बंद केला आणि प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्यास सांगितले. काँक्रीटसाठी असा पर्याय निघतो. पिण्यासाठी व हात धुण्यासाठी मात्र स्वच्छ पाण्याचाच टँकर लागतो. पाणी नसलेले शौचालय आठवड्याभरात निरुपयोगी होते. मलवाहिनीची जोडणीही सामान्यतः इमारत पूर्ण होताना मिळते. तोवर मैला खड्ड्यात साठतो. तो हाताने उपसण्यास २०१३ च्या कायद्याने पूर्ण बंदी आहे; म्हणून यांत्रिक उपशाची व्यवस्था पहिल्या दिवसापासून हवी.

छोट्या स्थळांचा प्रश्न निराळा आहे. दहापेक्षा कमी कामगारांची बांधकामे जुन्या कायद्याच्या कक्षेबाहेर होती आणि नव्या संहितेतही बाहेरच आहेत. तीस बाय चाळीस फुटांच्या भूखंडावर बेंगळुरूत असंख्य घरे उठतात आणि राखणदाराचे कुटुंब तेथेच पत्र्याच्या खोलीत राहते. त्यांच्यासाठी कोणतेच प्रमाण लागू होत नाही.

काय करता येईल?

पहिली गोष्ट, स्वच्छतागृहे, पाणी व मैला-उपसा ही निविदेतील स्वतंत्र, वापराच्या दिवसांवर देय असलेली बाब असावी. सर्व निविदाकारांना तिचा दर सारखाच ठेवल्यास स्पर्धेतून ती वगळली जाणार नाही. दुसरी, बांधकाम आराखड्याबरोबर तात्पुरत्या सोयींचाही नकाशा मागवावा आणि त्या उभ्या राहिल्याचे पाहूनच प्रारंभ प्रमाणपत्र द्यावे. बेंगळुरूत सप्टेंबर २०२५ पासून पाच महानगरपालिका काम पाहत आहेत. ही अट घालण्यास ती योग्य वेळ आहे. तिसरी, प्रमाण कामगारसंख्येबरोबर मजल्यांवरही ठरावे. ठरावीक मजल्यांमागे एक फिरता कक्ष क्रेनने वर ठेवता येतो आणि खालच्या मजल्यांचे नळकाम पूर्ण होताच तेथील शौचालये कामगारांना खुली करता येतात. चौथी, लहान भूखंडांसाठी तात्पुरती मलवाहिनी जोडणी परवानगीबरोबरच मिळावी; घराला पुढे ती लागणारच असते.

इमारत तात्पुरती असली तरी तेथे काम करणाऱ्या माणसाची गरज तात्पुरती नसते. पाया खणण्यापूर्वी शौचालय उभे राहिले आहे का, ही साधी तपासणी प्रत्येक स्थळावर झाली, तरी अनेक वर्षे कागदावर असलेल्या तरतुदींना अर्थ प्राप्त होईल.