चिंता प्रभूवर टाकायची म्हणजे

माझ्या मिस्टरांचा विभाग वेगळा होता, म्हणून हे घरी आले. कारण एवढंच. 24 जानेवारी 2025, शुक्रवार. सकाळी साडेदहाच्या सुमारास भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीच्या एलटीपीई विभागात स्फोट झाला, छत कोसळलं, आठ जण गेले. तो आवाज कसा होता, हे जवाहरनगरात कुणाला सांगावं लागत नाही.

हे पुन्हा ड्युटीवर जाऊ लागले आणि माझी झोप गेली. रस्त्याने जड गाडी गेली तरी छातीत धडधडायचं. ज्यांच्याकडे आम्ही प्रार्थनेला जायचो, त्या भाऊंना मी मन मोकळं करून सांगितलं. ते म्हणाले, "ताई, चिंता म्हणजे अविश्वास. प्रभूवर टाकलं म्हणता आणि रात्रभर जागता?" हे सगळ्यांसमोर! मी गप्प बसले.

पुढच्या सभेत त्यांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. मी तोंड उघडायच्या आधी तेच बोलले, "ताईंचे मिस्टर वाचले, कारण या घरात प्रार्थना होती." सगळ्यांनी आमेन म्हटलं. मागे चटईवर एक बाई बसल्या होत्या. त्या आठांपैकी एकाचं त्यांच्या घरी जाणंयेणं होतं. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. भाऊंकडे नाही, माझ्याकडे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या आनंदाचा दगड करून तो दुसऱ्याच्या दुःखावर मारला जातोय. त्या आठ घरांत काय कुणी देवापुढे हात जोडत नव्हतं? मी म्हटलं, "भाऊ, ही माझी साक्ष नाही," आणि खाली बसले. त्यानंतर मंडळीत माझ्याबद्दल काय काय बोललं गेलं, ते सगळं माझ्या कानावर आलं आहे.

ईयोबाचे मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, त्याच्याजवळ सात दिवस न बोलता बसले. तिथपर्यंत ते बरोबर होते. मग त्यांनी त्याच्या दुःखाची कारणं सांगायला सुरुवात केली. शेवटी देव रागावला तो या मित्रांवर. रडून-भांडून देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबाला त्याने आपला सेवकच म्हटलं. घरात मृत्यू झालेल्यांकडे जाल तेव्हा हे लक्षात ठेवा. डबा न्या, भांडी घासा, शेजारी बसा. 'देवाची इच्छा' हे शब्द तोंडातून काढू नका.

पेत्राने पहिलं पत्र लिहिलं ते छळ सोसणाऱ्या विश्वासणाऱ्यांना. चिंता देवावर टाका, असं त्याने त्यांनाच सांगितलं. चिंता नाहीच असं दाखवा, असं नाही. म्हणून प्रार्थनेत मोघम बोलू नका. मी आता म्हणते, 'प्रभू, आज यांची सकाळची पाळी आहे, मला भीती वाटते ती आगीची.' रोज तेच म्हणावं लागलं तरी चालतं. गेथशेमाने बागेत येशूनेही तीच विनंती पुन्हा पुन्हा केली होती.

झोप लागत नसेल तर डॉक्टरकडे जा. गोळी घेतली म्हणून विश्वास कमी होत नाही. नॉमिनेशन, विमा, बँकेचे कागद एका फाईलीत लावा. भाऊंना त्यातही माझा अविश्वास दिसला. पंडिता रमाबाईंइतका भरवसा देवावर टाकणाऱ्या बाया महाराष्ट्रात किती झाल्या? 1896-97 च्या दुष्काळात त्या, आपला भाग तेव्हा ज्यात होता त्या मध्य प्रांतात स्वतः आल्या आणि उपाशी मुलींना सोबत घेऊन गेल्या. हात जोडून घरी बसल्या नाहीत.

बाकी रोज वचन वाचा, उपासना चुकवू नका, धीर धरा. हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे.

माझा विश्वास वाढला, पण त्या सभेबाहेर. आधी मी मुलांचे मार्क, यांची बढती एवढंच मागायची. आता उत्तर मिळालं नाही तरी त्याच देवाशी बोलते. त्या बाईंकडे जाते. आम्ही दोघी मिळून प्रार्थना करतो, कधी त्या नुसत्या रडतात. भाऊ अजून एकदाही त्यांच्या दारात गेलेले नाहीत.