पिन म्हणजे आपला अंगठा

पूर्वी आपल्याकडे बहुतेक शेतकऱ्यांना सही येत नसे. मग कागदावर सहीच्या जागी काय करीत? नांगराचे चित्र काढीत. त्याला ‘निशाणी नांगर’ म्हणत. पुढे अंगठा आला. अंगठ्याला शाई लावायची, कागदावर ठसा उमटवायचा. झाले! कागद पक्का.

पण त्या कागदावर लिहिले काय आहे? ते शेतकऱ्याला वाचता येत नव्हते. सावकार सांगेल ते खरे. घेतले शंभर, तर कागदावर दोनशे. कर्ज काही फिटेना. जमिनी मात्र हातच्या गेल्या.

शेवटी लोक चिडले. १२ मे १८७५ या दिवशी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी दंगा झाला. लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हिसकावून घेतले, जाळले. हे लोण अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. मग १८७९ साली सरकारने कायदा केला. शेतकऱ्याने कर्जाचा कागद करून द्यायचा तो गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोरच, असे ठरले.

कायदा झाला, पण अक्षरओळख नव्हती तोवर अंगठ्याची भीती गेली नाही. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. गावोगावी मोठी माणसे पाटी घेऊन बसली. अंगठा गेला, सही आली.

आता तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट आज कशाला? सांगतो. तो अंगठा परत आला आहे. तो आता मोबाईलमध्ये बसला आहे.

नवा अंगठा कोणता?

२०१६ सालापासून आपल्या देशात फोनवरून पैसे देण्याची नवी सोय झाली. तिला ‘यूपीआय’ म्हणतात. आठवड्याच्या बाजारात भाजीवालीपुढे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे चौकोनी चित्र असते. लोक त्याला ‘स्कॅनर’ म्हणतात. फोन त्याच्यापुढे धरायचा, रक्कम लिहायची, पिन दाबायचा. पैसे आपल्या खात्यातून तिच्या खात्यात जातात.

हा पिन म्हणजे काय? चार किंवा सहा आकडे. ते आपणच ठरवलेले असतात. पिन दाबला म्हणजे आपण बँकेला सांगितले, “माझ्या खात्यातून पैसे द्या. ही माझी सही.”

दुसरा आहे ओटीपी. तोही आकडाच. बँक तो आपल्या फोनवर संदेशाने पाठवते. तो एका कामापुरता असतो. कोणाला ओटीपी सांगितला म्हणजे त्याला कोऱ्या कागदावर अंगठा दिला.

म्हणून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. या पाठात दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल. हे राहिले पाहिजे.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला, नाहीतर खात्यातली शिल्लक पाहायला. कोणी म्हणाला, “तुम्हाला पैसे पाठवतो, तेवढा पिन दाबा,” तर समजावे, तो पाठवत नाही. तो नेतो आहे.

फोनला भ्यायचे कां?

हे ऐकून एखादी आजी म्हणेल, “नकोच ग बाई तो फोन! आमचा डबाच बरा.”

नको कसा? लेक पुण्याला, नातू मुंबईला. फोनवर त्यांचे तोंड दिसते. सातबाराचा उतारा फोनवर पाहता येतो. पेन्शनवाल्यांना दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ सालापासून तो यंत्रावर बोट ठेवून देण्याची सोय झाली आहे. हे सगळे सोडून कसे चालेल?

भीती वाटते, कारण हात बसलेला नसतो. सायकल शिकताना कोण भ्याले नाही? ज्या माणसाने ढगाकडे पाहून पावसाचा अंदाज बांधला, त्याला फोनवरच्या चार खुणा ओळखणे अवघड नाही. चुकीच्या जागी बोट लागले म्हणून फोन फुटत नाही. मागे जायची खूण असते. ती दाबावी, मागे यावे.

शिकायचे कसे? एकेक पायरी.

पहिली पायरी. फोनची भाषा मराठी करून घ्या. अक्षर मोठे करून घ्या. दोन्ही फोनमध्येच होते.

दुसरी पायरी. आठ दिवस फक्त फोन करा, फोन घ्या, तोंड पाहून बोला. पैशाला हात लावू नका.

तिसरी पायरी. पुढचे आठ दिवस संदेश वाचा. आपल्याला वाचता येते. मोठ्याने वाचा. बँकेचा संदेश आला तर किती जमा, किती खर्च, ते वहीत लिहा.

चौथी पायरी. घरातल्या माणसाला एक रुपया पाठवा. त्याने तो परत पाठवावा. दहा वेळा करा. चूक झाली तर एक रुपयाची.

पाचवी पायरी. आता बाजारात जाऊन पावशेर मिरच्या घ्या. पिन दाबण्याआधी दोन गोष्टी वाचा. नाव कोणाचे आले? रक्कम किती? दोन्ही बरोबर असेल तरच पिन दाबा.

आणखी एक करा. सगळी पुंजी एकाच खात्यात ठेवून ते फोनला जोडू नका. बाजारखर्चाचे खाते वेगळे ठेवा. त्यात दोन-तीन हजार असू द्या. फोनला तेवढेच जोडा. घरातले सगळे धान्य आपण ओसरीवर ठेवत नाही. त्यातलाच हा प्रकार.

लबाड माणूस कसा बोलतो?

लबाड माणूस दमात घेतो, नाहीतर गोड बोलतो. घाई मात्र नक्की करतो. चार नमुने पाहा.

पहिला नमुना.
“मामा, ओळखलं का? भाचा बोलतोय.”
“कोण? पुण्याचा का?”
“हो, तोच. एका गिऱ्हाईकाचे पैसे माझ्याकडे येईनात. तुमच्या खात्यावर वीस हजार टाकतो. ते लगेच मला पाठवा.”

पाहिलेत? भाचा पुण्याचा, हे आबांनीच सांगितले. त्याने फक्त ‘हो’ म्हटले. मग फोनवर संदेश येतो, ‘वीस हजार जमा’. हा संदेश खोटा असतो. संदेश म्हणजे पैसे नव्हेत. आधी फोन ठेवावा. खात्यातली शिल्लक पाहावी. मग वहीत लिहिलेल्या नंबरावर खऱ्या भाच्याला फोन करावा.

दुसरा नमुना.
“मी बँकेतून बोलतोय. तुमची केवायसी राहिली आहे. खातं आज बंद होईल. आलेला ओटीपी सांगा.”

बँक फोनवर ओटीपी मागत नाही, पिनही मागत नाही. “मी उद्या शाखेत येतो,” एवढेच म्हणावे आणि फोन ठेवावा. ‘आज रात्री वीज तोडू’ असा संदेश येतो, त्यालाही हेच उत्तर. बिल घेऊन वीज कचेरीत जावे.

तिसरा नमुना. फोनवर खाकी कपड्यातला माणूस दिसतो. मागे पोलिसांची पाटी. तो दरडावतो, “तुमच्या नावावर गुन्हा आहे. तुम्हाला डिजिटल अटक केली आहे. कोणाला सांगायचं नाही. फोन बंद करायचा नाही. पैसे भरा.”

अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. पोलीस फोनवर अटक करीत नाहीत, फोनवर पैसेही मागत नाहीत. पंतप्रधानांनी स्वतः २७ ऑक्टोबर २०२४ रोजी रेडिओवरून लोकांना याबद्दल सावध केले होते. ‘कोणाला सांगू नका’ असे जो म्हणतो, त्याचेच नाव आधी चार जणांना सांगावे.

चौथा नमुना. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका येते. नाहीतर सरकारी योजनेचा फॉर्म येतो. तो उघडला की फोन विचारतो, ‘हे ॲप बसवू का?’ खऱ्या पत्रिकेला ॲप बसवावे लागत नाही. नावाच्या शेवटी एपीके अशी अक्षरे असली तर हात लावू नका. असे ॲप बसले, तर चोराला आपले संदेश दुरून वाचता येतात. मग ओटीपी सांगायलाही नको. तो आपणच घेतो.

खरा अंगठाही जपा

गावात बँकमित्र छोटे यंत्र घेऊन बसतो. आधार नंबर सांगून त्यावर बोट ठेवले की खात्यातले पैसे मिळतात. सोय चांगली आहे. वृद्धांची तालुक्याची खेप वाचते. पण तेथेही चार नियम पाळा.

यंत्रावर किती रक्कम लिहिली ते आधी वाचा. मगच बोट ठेवा. “ठसा उमटला नाही, पुन्हा ठेवा,” असे म्हणाला तर आधी विचारा, “पहिल्या वेळी पैसे गेले का, दाखव बरं.” दर वेळी पावती घ्या. पैसे मोजून पावतीशी ताडून पाहा.

आपल्या बोटांच्या ठशाला कुलूपही लावता येते. कुलूप असेपर्यंत आधारच्या ठशावर कोणी पैसे काढू शकत नाही. आपल्याला हवे तेव्हा ते उघडता येते. आधार सेवा केंद्रात विचारा, ते करून देतात. आधारच्या मदतीचा नंबर १९४७ आहे.

पैसे गेलेच तर?

बांध फुटला तर आपण काय करतो? आधी माती टाकून वाट बुजवतो. कोणी फोडला, कां फुटला, ते नंतर बोलतो. इथेही तसेच करावे.

लगेच १९३० या नंबरावर फोन करा. एक-नऊ-तीन-शून्य. हा फसवणुकीची तक्रार घेण्याचा सरकारी नंबर आहे. कोणती बँक, किती रुपये, किती वाजता गेले, ते सांगा. संदेशात व्यवहाराचा क्रमांक असतो, तोही सांगा. मग आपल्या बँकेला कळवा. खाते थांबवायला सांगा. पोलीस ठाण्यातही तक्रार द्या. फोनवरचे संदेश पुसून टाकू नका. तोच पुरावा आहे.

घाई कां करायची? चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात हलवतो. मग काढून घेतो. काढण्याआधी खबर पोचली तर बँक ती रक्कम अडवू शकते. सगळे पैसे परत मिळतीलच असे नाही. पण उशीर झाला तर आशा फार कमी राहते.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी याबद्दल नियम काढले. आपली काही चूक नसेल आणि दोष बँकेचाही नसेल, तर तीन कामाच्या दिवसांत कळवावे, म्हणजे नुकसान आपल्यावर येत नाही, असे त्यांत होते. ओटीपी आपणच दिला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले. पण कळवल्यावर जे जाईल ते बँकेने सोसायचे, असेही होते. म्हणून बँकेला कळवले की तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. वहीत तारीख आणि वेळ लिहा.

लाज बाळगू नका

पैसे गेले की म्हातारी माणसे गप्प बसतात. मुलगा काय म्हणेल? सून काय म्हणेल? गाव हसेल! असे दोन दिवस जातात, चार दिवस जातात. चोराला तेवढेच हवे असते. फसणारे सगळे अडाणी असतात, हे खरे नाही. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले लोकही फसले आहेत. लाज चोराने बाळगावी, आपण नव्हे.

घरच्या तरुण मंडळींनाही आमचे दोन शब्द. आजीला शिकवताना फोन तिच्याच हातात असू द्या. “आण इकडे, मी करतो,” असे म्हणून हिसकावू नका. त्याने काम होते, पण आजीला येत नाही. तीच गोष्ट तिने पाच वेळा विचारली तर पाच वेळा सांगा. आणि तिने येऊन सांगितले, “बाळा, माझ्याकडून पैसे गेले रे,” तर रागावू नका. आधी १९३० लावा. एकदा रागावलात, तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही.

सुप्याच्या शेतकऱ्याला आपला कागद वाचता येत नव्हता. आपल्याला येतो. कोणी घाई केली तर घाबरू नका. फोन हातात घ्या, डोळ्यांपुढे धरा, काय लिहिले आहे ते वाचा. मग ठरवा, अंगठा द्यायचा की नाही.

वहीत लिहा

१. मुलाचा, मुलीचा किंवा विश्वासाच्या शेजाऱ्याचा नंबर.
२. आपल्या बँक शाखेचा नंबर. तो पासबुकावरून किंवा शाखेत जाऊन घ्या.
३. फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर : १९३०.
(पिन मात्र वहीत लिहू नका, फोनच्या कव्हरात तर मुळीच ठेवू नका. तो मनात ठेवा.)

प्रश्न

१. पैसे घ्यायला पिन लागतो का?
२. पिन दाबण्याआधी कोणत्या दोन गोष्टी वाचाव्यात?
३. फोनवर पोलीस ‘अटक’ करतो म्हणाला तर तुम्ही काय कराल?
४. शेजारच्या आजींचे पैसे गेले. त्या रडत आहेत. तुम्ही पहिले काम कोणते कराल?